डांस : ओलाव्याच्या काठची वनमक्षिका

खालापूर व कर्जत या तालुक्यांत चिकित्सा करणाऱ्या आम्हा वैद्यांस आषाढापासून आश्विनापर्यंत एक तक्रार वारंवार ऐकावयास मिळते : ‘काहीतरी चावले.’ भातलावणीस गेलेली स्त्री, गुरे राखणारा मुलगा, पाताळगंगेच्या काठी गळ टाकून बसलेला कामगार, माणिकगडावर जाऊन आलेला विद्यार्थी, या सर्वांचे शब्द तेच असतात. मान, कानाची पाळी किंवा डोक्याची त्वचा या ठिकाणी कठीण, उष्ण व कंडूयुक्त शोथ दिसतो. वैद्याने लेप सांगावा, औषधालयाने तो बांधून द्यावा आणि विषय संपावा, असा परिपाठ पडून गेला आहे. काय चावले, कोठे चावले आणि केव्हा चावले, हे तीन प्रश्न मात्र बहुधा विचारले जात नाहीत. पावसाळ्यातील दंशांपैकी बहुतेक चार दिवसांत आपोआप शमतात, काही थोडे प्राणावर बेततात. हा भेद या तीन प्रश्नांच्या उत्तरांत दडलेला असतो. म्हणून या परिसरातील एका चावऱ्या माशीचा, म्हणजे डांसाचा, जीवनक्रम आणि निवास यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देत आहोत.

नाव आणि ओळख

अमरकोशात ‘दंश’ या नामाचा अर्थ वनमक्षिका, म्हणजे रानातील माशी, असा दिला आहे. आपला ‘डांस’ हा शब्द त्याच कुळातला. शहरी बोलीत अनुस्वार लोपून ‘डास’ झाला आणि तो केवळ मच्छरास लागू लागला. गावाकडील वृद्ध मात्र आजही डांस व मच्छर वेगळे मानतात. काही ठिकाणी डांसास ‘गोमाशी’ असेही म्हणतात. परंतु गुरांच्या अंगास चिकटून राहणाऱ्या चपट्या माशीसही तेच नाव असल्याने घोटाळा होतो. तेव्हा रोगी ‘डास चावला’ म्हणाला, तर त्यास कोणता प्राणी अभिप्रेत आहे हे विचारून घेणे इष्ट.

शास्त्रीय वर्गीकरणात डांसांचे कुल टॅबॅनिडी हे होय. जगभरात या कुलातील चार हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी क्रायसॉप्स या प्रजातीस पाश्चात्य देशांत ‘हरिणमाशी’ म्हणतात. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘सुवर्णनेत्री’ असा होतो आणि तो यथार्थ आहे. जिवंत माशीचे डोळे हिरव्या-सोनेरी झळाळीचे असून त्यांवर गडद ठिपके असतात. मृत्यूनंतर ही झळाळी लवकरच मावळते. भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया या विस्तृत पट्ट्यात आढळणारी क्रायसॉप्स डिस्पार ही जाती फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९८ साली वर्णिली.

ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. आकार घरमाशीएवढा किंवा किंचित मोठा. उदर पिवळसर व त्यावर गडद पट्टे. पारदर्शक पंखांवर तपकिरी-काळा आडवा पट्टा. बसताना पंख अर्धवट पसरून त्रिकोणाकृती ठेवण्याची लकब. आणि डोक्यापुढे रोखलेल्या लांब शृंगिका. याच कुलातील टॅबॅनस प्रजातीच्या माश्या आकाराने बऱ्याच मोठ्या असतात आणि गुरांभोवती घोंघावताना दुरून ऐकू येतात. क्रायसॉप्स मनुष्याच्या डोक्याभोवती व मानेभोवती घिरट्या घालते. म्हणून मस्तक, कान व मान यांवर दिवसाउजेडी झालेला वेदनायुक्त दंश हा तिच्याकडे निर्देश करणारा पहिला पुरावा मानावा.

चिखलातील बाल्यावस्था

या माशीचे आयुष्य पाण्याच्या काठाशी बांधलेले आहे. फलित मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर, लव्हाळ्यावर किंवा गवताच्या पात्यावर एकमेकांस चिकटलेल्या अंड्यांचा पुंजका घालते. एका पुंजक्यात शंभराहून अधिक अंडी असू शकतात. प्रारंभी पांढरी असलेली अंडी थोड्याच वेळात काळसर होतात. साधारणपणे आठवड्याच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि सरळ खालच्या पाण्यात अथवा चिखलात उतरतात.

अळी दोन्ही टोकांस निमुळती असते आणि शेपटीकडील नलिकेद्वारे श्वास घेते. टॅबॅनसच्या अळ्या हिंस्र असतात व परस्परांसही खातात. क्रायसॉप्सच्या अळ्या मुख्यत्वे चिखलातील कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर आणि सूक्ष्म जीवांवर जगतात. आयुष्याचा बहुतांश काळ याच अवस्थेत व्यतीत होतो. कोशावस्थेसाठी अळी काठाकडील थोड्या कोरड्या मातीत सरकते आणि एक ते तीन आठवड्यांत माशी बाहेर पडते. पंख फुटल्यानंतरचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते.

नर रक्त पीत नाही. तो पुष्परसावर निर्वाह करतो. मादीदेखील उड्डाणाचे बळ पुष्परसातूनच मिळविते. रक्त हवे असते ते अंड्यांच्या पोषणासाठी. याचा अर्थ असा की, आपणांस चावणारी प्रत्येक माशी ही मादी असते आणि तिने अंडी घालावयाची जागा बहुधा जवळपासच असते.

मोहोपाड्याचे पाणी

ही जागा आमच्या परिसरात विपुल आहे. वासांबे-मोहोपाड्याजवळून वाहणारी पाताळगंगा ही पावसाळा संपताच आटणारी कोकणी नदी राहिलेली नाही. खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालापासून चालू झाले आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील तलावांचे पाणी वीजनिर्मितीनंतर पाताळगंगेत येऊ लागले. कर्जतकडे भिवपुरी येथील केंद्र १९२२ साली सुरू झाले. तेथील पाण्यावर राजनाला कालव्याच्या आधाराने उन्हाळी भात पिकू लागले. जेथे शंभर वर्षांपूर्वी वैशाखात भेगाळलेली जमीन असे, तेथे आता ओला बांध, पाझर आणि लव्हाळ्याची कड दिसते.

यावरून डांस बारमाही झाला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण प्रौढ माशीचा ऋतू उष्णता व पर्जन्य यांवरही अवलंबून असतो. मात्र अळीस लागणारी ओल केवळ पावसावर विसंबून राहिली नाही, हे निश्चित. म्हणून फाल्गुनात वा चैत्रात कोणी अशा दंशाची तक्रार घेऊन आला, तर ‘हा काही डांसांचा काळ नव्हे’ असे म्हणून ती बाजूला सारू नये. त्या व्यक्तीचे शेत कालव्याखाली आहे काय, ती नदीकाठी कामास जाते काय, हे विचारावे. या दंशाच्या बाबतीत रोग्याच्या घरापेक्षा त्याच्या दिवसभराच्या वावराचा पत्ता अधिक उपयोगी पडतो.

डांस भक्ष्य शोधतो तो प्रामुख्याने दृष्टीने. झाडीच्या कडेला पानावर बसून तो वाट पाहतो. गडद रंगाची, हलणारी, उष्ण व श्वास सोडणारी वस्तू दिसली की झेपावतो. रात्री व घरात तो सहसा चावत नाही. हंगेरीतील संशोधकांनी असे दाखवून दिले आहे की, पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशाकडे या माश्या आकृष्ट होतात. काळ्या चकचकीत मोटारीवर त्या येऊन बसतात याचे कारण हेच. जपानमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगविले असता त्यांवर बसणाऱ्या चावऱ्या माश्यांची संख्या निम्म्यावर आली.

या माशीस शत्रूही पुष्कळ आहेत. तिच्या अंड्यांत सूक्ष्म गांधीलमाश्या आपली अंडी घालतात. चतुर आणि वेडा राघू प्रौढ माश्या टिपतात. बगळे चिखल उकरतात. बांधावर सरसकट कीटकनाशक फवारले, तर विखुरलेल्या अळ्या चिखलात सुरक्षित राहतात आणि हे मित्र मात्र आधी नष्ट होतात. फवारणीने डांसांचा बंदोबस्त होत नाही तो यामुळेच.

दंशाचे स्वरूप

मच्छर सुईप्रमाणे सोंड रुतवितो. डांस पात्यांनी त्वचा कापतो आणि जखमेत साचलेले रक्त चाटून शोषतो. म्हणूनच दंश त्याच क्षणी जाणवतो आणि माशी उडाल्यावरही रक्ताचा थेंब ओघळतो. रक्त गोठू नये म्हणून तिच्या लाळेत विशिष्ट प्रथिने असतात. क्रायसॉप्सच्या लाळेतील ‘क्रायसॉप्टिन’ नामक प्रथिन रक्तातील बिंबिकांना एकत्र येऊ देत नाही. चिनी वैद्यकात वाळविलेल्या डांसांचा उपयोग रक्तसंचय दूर करण्यासाठी फार पूर्वीपासून करतात, हे या संदर्भात लक्षणीय आहे. अर्थात, त्यावरून आपल्याकडे कोणी तसा प्रयोग करू नये.

लाळेतील परकीय प्रथिनांविरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया देते तीच शोथ, दाह व कंडू यांस कारण होते. ही प्रतिक्रिया व्यक्तीपरत्वे भिन्न असते. एकास वाटाण्याएवढी गाठ येते, तर दुसऱ्याचा डोळा सुजून मिटतो. क्वचित सर्वांगव्यापी तीव्र प्रतिक्रिया उद्भवते आणि ती प्राणघातक होऊ शकते.

संहितांतील मक्षिका

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील कीटकल्पाध्यायात सहा प्रकारच्या मक्षिका सांगितल्या आहेत : कांतारिका, कृष्णा, पिंगला, मधूलिका, काषायी आणि स्थालिका. यांच्या दंशाने कंडू, शोथ, दाह व वेदना होतात. काषायी व स्थालिका यांच्या दंशात श्याव वर्णाची पिटिका आणि ज्वरादी उपद्रव होतात व त्या दोन्ही प्राणहर मानल्या आहेत. चरकसंहितेच्या विषचिकित्सिताध्यायातही मक्षिकादंशात स्रावयुक्त श्याव पिटिका, दाह, मूर्च्छा व ज्वर ही लक्षणे वर्णिली असून एका प्रकारास घातक म्हटले आहे.

कांतार म्हणजे अरण्य. तेव्हा कांतारिका म्हणजेच आपला डांस, असे म्हणण्याचा मोह होतो. पिंगला हे नाव पिवळसर उदराशी जुळते, असेही कोणी म्हणेल. आमच्या मते नामसादृश्यावरून जाती ठरविणे योग्य नव्हे. आचार्यांनी येथे कीटकांची सूची देऊन विषय संपविलेला नाही. सौम्य दंश व प्राणहर दंश यांतील सीमारेषा लक्षणांच्या आधारे आखून दिली आहे. स्थानिक शोथ एका बाजूस; ज्वर, मूर्च्छा व श्याव वर्ण दुसऱ्या बाजूस. चिकित्सकाने माशीच्या नावावर वाद घालण्याऐवजी ही सीमा ओलांडली गेली आहे काय, हे प्रथम पाहावे.

चिकित्सा आणि सावधानता

सौम्य दंशात जागा स्वच्छ पाण्याने धुवावी, शीतोपचार करावा आणि नखांनी खाजविण्यास कटाक्षाने मनाई करावी. अखंड त्वचेवर शतधौत घृत, चंदन किंवा दशांग लेप यांची योजना वैद्यवर्ग करीत आला आहे. दशांग लेपातील शिरीष हे द्रव्य चरकाचार्यांनी विषघ्न द्रव्यांत अग्र्य मानलेले आहे. त्वचा फाटली असेल वा स्राव असेल, तर लेप लावण्यापूर्वी व्रण म्हणून विचार करावा.

पुढील तीन अवस्थांत मात्र लेपावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

पहिली, दंशानंतर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत सर्वांगावर पित्त उठणे, ओठ व जीभ सुजणे, श्वास लागणे, वांती, भोवळ किंवा शुद्ध हरपणे. येथे अॅड्रेनॅलिनची सूची हाच प्राणरक्षक उपाय असून विलंब घातक ठरतो. रोग्यास आडवे झोपवावे. श्वास फार लागत असल्यास टेकून बसू द्यावे, उभे करू वा चालवू नये. त्वरित १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावावी. ज्यास एकदा असे घडले, त्यास पुढील दंशाचा धोका समजावून सांगावा.

दुसरी, दोन दिवसांनंतर शोथ उतरण्याऐवजी पसरणे, लाल रेषा वर चढणे, ताप येणे. हा जंतुसंसर्ग होय. मधुमेही रोग्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

तिसरी, वेदनारहित काळी खपली आणि सोबत तीव्र ज्वर व शिरःशूल. ही डांसाची खूण नाही. डांसाचा दंश दुखतो आणि रोग्यास तो क्षण आठवतो. झुडपांतील सूक्ष्म कोळ्याच्या अळीचा दंश मात्र कळतही नाही आणि त्यातून स्क्रब टायफस हा ज्वर होतो. २०१८ साली विदर्भात त्याचा मोठा उद्रेक झाला होता. वेळीच योग्य प्रतिजैविक मिळाल्यास तो बरा होतो. ‘काहीतरी चावले’ एवढ्यावर समाधान मानले, तर रोगी हातचा जातो. म्हणून पावसाळी ज्वराच्या रोग्याची काख, जांघ व कंबरपट्ट्याखालची त्वचा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्यास घरी पाठवू नये.

गुरे, घोडे आणि सर्रा

आफ्रिकेत क्रायसॉप्सच्या काही जाती लोआ नामक नेत्रकृमीचा प्रसार करतात. अमेरिकेत तुलारेमिया या रोगाशी तिचा संबंध आहे. आपल्याकडे डांसकुलाचा खरा उपद्रव गुराढोरांस होतो. सर्रा हा रोग ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या रक्तातील परोपजीवीमुळे होतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माइल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. या रोगाच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुणे येथे १८८९ साली स्थापन झालेल्या शाही जंतुशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्ऱ्यावर संशोधन केले. ती प्रयोगशाळा १८९३ साली मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. डांसांमार्फत हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी प्रयोगाने दाखविले व त्यांचा निबंध १९०१ साली प्रसिद्ध झाला.

हा प्रसार यांत्रिक स्वरूपाचा असतो. परोपजीवी माशीच्या शरीरात वाढत नाही. रक्ताने माखलेली मुखांगेच त्याचे वाहन होतात. दंश वेदनादायी असल्याने जनावर शेपटी मारून माशीस हाकलते आणि अर्धपोटी माशी लगेच शेजारच्या जनावरावर बसते. म्हणून आजारी जनावर निरोग्यांपासून दूर बांधणे हा उपाय साधा असूनही महत्त्वाचा आहे. घोड्यांत हा रोग विशेष घातक असतो : येऊन-जाऊन ताप, पाय व पोटाखाली सूज, पांडुता आणि खाणे चालू असूनही कृशता. माथेरानमध्ये ज्यांची उपजीविका घोड्यावर चालते, त्यांच्या दृष्टीने या लक्षणांची ओळख मोलाची आहे. असे जनावर दिसल्यास पशुवैद्यकाकडून रक्ततपासणी करून घेण्याचा सल्ला द्यावा.

मनुष्यास हा रोग होत नाही, असेच पूर्वी मानले जाई. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय आढळला. त्यास वारंवार ज्वर येत असे. नागपूर येथे निदान होऊन सुरामिन या औषधाने तो बरा झाला. या परोपजीवीपासून मनुष्याचे रक्षण करणारे एपीओएल-१ हे प्रथिन त्याच्या रक्तात कार्यक्षम नव्हते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्याच्या गावातील १,८०६ व्यक्तींची तपासणी करण्यात आली, परंतु कोणाच्याही रक्तात परोपजीवी सापडला नाही. अशी घटना अत्यंत विरळ आहे आणि तिच्या आधारे भीती पसरविणे अनुचित होय. तथापि गुरांच्या सहवासातील रोग्यास दीर्घकाळ अनिश्चित ज्वर असेल, तर ‘घरची जनावरे आजारी आहेत काय’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

औषधालयचालकांस विनंती

निंबतेल व करंजतेल अंगास वा गुरांस लावण्याची रीत जुनी आहे. त्यांचा उग्र गंध काही काळ माशीस दूर ठेवतो. घाम व पाऊस यांनी तो प्रभाव लवकर ओसरतो. तेव्हा ‘एकदा लावा, दिवसभर निश्चिंत राहा’ अशी हमी देऊ नये. गोठ्यात निंबाच्या पाल्याची धुरी करावयाची तर हवा खेळती असावी. श्वासाचा विकार असणाऱ्यांनी त्या धुरात बसू नये. याहून अधिक उपयोगी सल्ला विनामूल्य आहे : फिकट रंगाचे, अंगभर कपडे, डोक्यास टोपी किंवा मुंडासे, मानेवर पंचा, आणि दुपारच्या उन्हात झाडीच्या कडेला विसावा न घेणे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक वैद्याने व औषधालयाने आपल्या नोंदवहीत दंशाच्या रोग्यांसाठी चार रकाने आखावेत : तारीख व वेळ, वावराची जागा व तेथील पाणी, अंगावरील दंशाचे ठिकाण, आणि तिसऱ्या दिवशीची अवस्था. तिसऱ्या दिवशी रोगी परत न आल्यास दूरध्वनीवरून चौकशी करावी. मोहोपाडा, चौक, खोपोली, कर्जत व नेरळ येथील नोंदी एका पावसाळ्यानंतर शेजारी ठेवल्या, तर कोणत्या काठावर व कोणत्या पंधरवड्यात दंश वाढतात, कोणास तीव्र प्रतिक्रिया होते, याचे चित्र आपणांस स्वतःच्या हातांनी रेखाटता येईल. तसेच तिसऱ्या दिवशी ताप असलेला रोगी त्या रकान्यामुळे वेळीच लक्षात येईल.